चारपर्यंत पोचलो नाही तर

पालकसभेत दामिनीला जे सांगण्यात आलं, ते एका वाक्यात मावणारं होतं. राखी झोक्यावर बसत नाही.

"भिते का?" दामिनीने विचारलं.

"भिते असंही नाही म्हणता येत," टीचर जरा विचारात पडल्या. "मधल्या सुट्टीत सगळी मुलं चिंचेखालच्या झोक्याकडे पळतात. ही जाते, खाली उभी राहते आणि विचारते, हा दोर कोणी बांधला? मी म्हटलं, शिपाईकाकांनी. तर म्हणते, कधी?"

टीचर हसल्या. दामिनीनेही हसल्यासारखं केलं. पण शाळेपासून क्वार्टरपर्यंतच्या रस्त्यात ते "कधी?" तिच्यासोबत चालत आलं. कारण तो शब्द राखीचा नव्हताच. तो तिचा स्वतःचा होता. दूध कधीचं, सिलेंडरची नळी कधी बदलली, टाकी कधी धुतली, हे विचारल्याशिवाय तिच्या घरातली कोणतीही वस्तू वापरात येत नसे. (स्वतःच्या लग्नात तिने मंडपवाल्याला बांबू किती खोल रोवलेत ते विचारलं होतं. मेंदीच्या हातांनी एक हलवूनही पाहिला होता.) बीएस्सी झालेल्या बाईला एवढं समजतं की मुलाला सर्दी आईकडून लागते. पण हेसुद्धा लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ती जेवली नाही.

प्रफुल्ल जेवला. तो जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होता आणि दिवसभर स्फोटकांच्या सहवासात राहून आल्यावर त्याला घरातल्या कशाचंच काही वाटत नसे.

"एक रात्र बाहेर झोपवू तिले," तो ताटात ताक ओतत म्हणाला. "जंगलाकडे. उघड्यावर. आपोआप जाते भीती."

"उघड्यावर?"

"म्हणजे गाडीत. कैलाशची ओम्नी मागतो. मागच्या सीटा काढल्या का पलंग बसते. लोक तर आता गाडीतच घर करून फिरून राहिले, पाहत नाही का तू मोबाइलवर?"

शेजारच्या क्वार्टरमधला कैलाश प्रफुल्लच्याच सेक्शनमध्ये होता. त्याच्या भावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा असल्यामुळे त्याच्या पांढऱ्या ओम्नीला कायम निशिगंधाचा वास येत असे. प्रफुल्लने दोन रविवार खपून मागे प्लायवूड ठोकलं, गादी टाकली, खिडक्यांना पडदे लावले. छताला कुठल्याशा लग्नातली सोनेरी झालर राहून गेली होती, ती राखीने काढू दिली नाही. ती गाडीत शिरली, आडवी झाली, झालरीकडे बघत म्हणाली, "आपण हिच्यातच झोपायचं? खरंच?" आणि पहिल्यांदाच तिने "कधी?" विचारलं ते वेगळ्या अर्थाने.

दामिनीला भरून आलं. तिने होकार दिला. अट एकच घातली. गाडी कुठे लावायची ती जागा मी निवडणार.

हा निर्णय तसा लहानसाच होता.

दुसऱ्या दिवशी तिने दोनशे पानी वही आणली. साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या वाटेवर, गेल्या काही वर्षांत शेतांमध्ये तंबूंच्या जागा निघाल्या आहेत. गाडी उभी करा, चूल घ्या, रात्र काढा. दामिनीने सात जागांचे नंबर मिळवले आणि तेवीस प्रश्न लिहून काढले. पहिला, कुंपण आहे का. दुसरा, कुंपणाला फाटक आहे का. तिसरा, ते फाटक रात्री लावतं कोण. (चौथा, तो माणूस विसरभोळा आहे का, हा होता. पण तो थेट विचारता येत नसल्याने तिने बोलण्यावरून ताडायचं ठरवलं.) संडासाला दिवा, दिव्याला बटण, बटण आत की बाहेर. दवाखाना किती लांब. मधमाश्यांची पोळी. विहिरीला कठडा.

पहिली जागा तलावाची होती.

"काठापासून गाडी किती दूर राहील?"

"दूर काहून, मॅडम? काठावरच लावा ना. तेच तर मजा आहे."

तलाव बाद. दुसऱ्या जागेच्या नावातच 'अॅडव्हेंचर' होतं, तिला फोनही केला नाही. तिसरा माणूस तेवीसच्या तेवीस प्रश्नांना "हाव" म्हणाला. विहीर आहे का, हाव, नाही आहे का, हाव. जो सगळ्याला हाव म्हणतो तो ऐकत नसतो, असं वहीत लिहून तिने त्याच्यावर काट मारली. चौथ्याने तिचा नंबर ब्लॉक केला. पाचव्याचा फोन लागलाच नाही.

सहावा टेकचंद. धानाचं शेत, धान निघाल्यावर मोकळ्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, दोन तंबू, चार गाड्यांची जागा. त्याला तिने विचारलं, "कुंपणाची तार कुठे तुटलेली तर नाही ना?"

तो म्हणाला, "थांबा जी. पाहून येतो."

आणि तो खरंच गेला. फोन कानाला तसाच. दामिनीला वाळल्या धसकटांवरून चालणाऱ्या त्याच्या चपला ऐकू आल्या, कुत्र्याला हाड् केलेलं ऐकू आलं, सात-आठ मिनिटांनी धापा ऐकू आल्या. "एका जागी ढिली होती जी. आवळली."

दामिनीने वही मिटली. आपल्यासारखा एक तरी माणूस या जिल्ह्यात आहे, या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की पुढच्या आठवड्यात तिने त्याला आणखी चौदा वेळा फोन केला.

टेकचंदने मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. त्यात शेवटची ओळ होती, संकटकाळी कोणाला कळवायचं. एका नंबरची जागा होती. दामिनीने पाच लिहिले, अंतराच्या क्रमाने.

"आम्ही चारपर्यंत पोचलो नाही," तिने त्याला फोनवर समजावलं, "आणि आमचा फोनही लागला नाही, तर यांना कळवायचं."

"पाचही जणाले?"

"पाचही."

"अन् पहिल्यानंच उचलला तं?"

"तरी."

टेकचंदने ते लिहून घेतलं. तो लिहून घेतो, हेच तर तिला आवडलं होतं.

आता यात एक गोची होती, आणि ती प्रफुल्लने निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पानाचा विडा तोंडात टाकल्यासारखी सहज सांगितली. "पण आत्याले काही बोलू नको बरं. टेकचंदच्या शेतापासून तिचं गाव सहा किलोमीटर आहे."

त्याची आत्या, बेबीबाई. साकोलीच्या पुढे रस्त्यालाच लागून घर, ऐसपैस पडवी, पडवीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः बेबीबाई. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सगळे नातलग तिच्याकडे मुक्कामाला असतात. यंदा दामिनीने राखीच्या खोकल्याचं कारण सांगून मुक्काम टाळला होता. आता तिच्या दारावरून पुढे जाऊन, पैसे देऊन, परक्याच्या बांधीत झोपायचं, हे त्या भागात एखाद्याला तोंडावर शिवी देण्यापेक्षा फारसं कमी नाही.

"दामिनी? ऐकून राहिली ना?"

"हो," दामिनी म्हणाली. पाच नंबरांतला पहिला बेबीबाईंचा होता, हे तिने सांगितलं नाही. अंतराने सगळ्यात जवळचं माणूस तेच होतं. शिवाय खरंच काही झालंच, तर त्या वेळी कुठे झोपणार होता हे कोण विचारत बसणार? आणि काही होणार नव्हतंच. त्यासाठीच तर तीन आठवडे घालवले होते.

शनिवारी एक वाजता ते निघाले. हिशेबाने तीनला पोचायला हवे होते. पण हवा एकाच पंपावर तपासून भागत नाही, त्या पंपाचा काटाच बिघडलेला असला तर? म्हणून लाखनीला दुसऱ्यांदा आणि साकोलीत तिसऱ्यांदा तपासली. तिन्ही ठिकाणी सारखीच निघाली. मग दामिनीने गाडी सरकारी दवाखान्यासमोर थांबवायला लावली.

"आता काय?" प्रफुल्लने विचारलं.

"पाच मिनिटं," म्हणून ती राखीचं बोट धरून आत गेली. टेबलाशी एक नर्स होती.

"सापाचं औषध आहे का तुमच्याकडे?"

नर्स ताडकन उठली. "कोणाले चावला?"

"कोणालाच नाही. अजून."

"अजून?" नर्सने राखीकडे पाहिलं. "कुठी दिसला?"

"दिसला नाही. आम्ही उद्यापर्यंत इकडेच आहोत, म्हणून विचारलं."

नर्सच्या नोकरीत असं पहिल्यांदाच होत असावं. "आहे जी औषध," ती सावकाश म्हणाली. "पण..."

"बस, एवढंच. धन्यवाद," म्हणत दामिनी समाधानाने बाहेर आली आणि गाडीत बसून तिने वहीत बरोबरची खूण केली.

तेव्हा सव्वातीन झाले होते. तरीही वीस मिनिटांत पोचता आलं असतं. पण सरळ रस्ता बेबीबाईंच्या पडवीसमोरून जात होता. म्हणून प्रफुल्लने गाडी कालव्याच्या कच्च्या वाटेला घातली. त्या वाटेवर नेटवर्क नव्हतं. वाटेत एक धानाचं मळणीयंत्र आडवं उभं होतं आणि त्याचा मालक टायर आणायला साकोलीला गेला होता. राखी गादीवर उताणी पडून झालरीशी बोलत होती. दामिनी घड्याळ बघत होती. चार वाजले तेव्हा तिने वही चाळली. चारला काहीतरी होतं, पण नेमकं काय, ते तिला आठवेना.

सहाला दहा कमी असताना ओम्नी टेकचंदच्या फाटकाशी आली. फाटक होतं. तार घट्ट होती. आत मात्र चार गाड्यांच्या जागेत एक बोलेरो, धानाच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो आणि तीन मोटरसायकली होत्या, आणि बांधीत जवळजवळ वीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या नजरा फाटकावर होत्या.

"लग्न आहे का इथी?" प्रफुल्लने विचारलं. मग त्याने आत्याला ओळखलं.

घडलं होतं ते असं. चार वाजून एका मिनिटाने टेकचंदने दामिनीचा फोन लावला, लागला नाही. दोन मिनिटांनी त्याने सांगितल्याप्रमाणे पहिला नंबर लावला. बेबीबाईंना आपला भाचा सहकुटुंब कुठेतरी येणार होता आणि आला नाही, या दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. त्यांनी यजमानांना, तुलारामजींना, मोटरसायकलवर दवाखान्यात पिटाळलं, कारण वेळेवर न पोचलेलं माणूस आधी तिथेच बघतात. तिथे नर्सने सांगितलं, आले होते. पांढरी ओम्नी. लहान पोरगी. सापाचं औषध विचारलं आणि न घेताच गेले.

न घेताच गेले, हे ऐकून बेबीबाईंनी पडवीत बसकण मारली म्हणतात. तोवर टेकचंदने इमानाने पुढचे नंबर लावले होते. करडीहून दामिनीची आई सीताबाई आणि भाऊ वीरेंद्र निघाले. तो धान विकायला निघाला होता, पोती उतरवायलाही थांबला नाही. जवाहरनगरहून कैलाश दुसऱ्याची मोटरसायकल मागून निघाला, कारण त्याची स्वतःची गाडी यांच्याकडेच होती. (पाचवा नंबर प्रफुल्लच्याच दुसऱ्या सिमचा होता. तो टेकचंदने अकरा वेळा लावला.)

ओम्नीचं मागचं दार उघडलं आणि राखीला कोणीतरी उचलून खाटेवर ठेवलं. बॅटरी आली.

"दाखव वो बाई पाय," बेबीबाई म्हणाल्या. "डावा. आता उजवा. इथी काय लाल आहे?"

"ते मच्छर आहे," राखी म्हणाली.

"साप कुठी चावला तुले, माय?" सीताबाईंनी रडत विचारलं.

"साप?" राखी उठून बसली. तिने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. "साप होता? मला कोणी दाखवलाच नाही!"

मग हळूहळू सगळं उलगडलं. टेकचंदने वही काढून तारीखवेळेसकट सगळं वाचून दाखवलं. (चौदा फोनांच्या नोंदीही होत्या.) माणसं आधी सुटल्यासारखी हसली. कैलाश आपल्या गाडीतल्या प्लायवूडकडे बघत राहिला, त्याला फक्त सीटा काढणार एवढंच सांगितलं होतं. आणि मग ते हसणं विरलं, कारण बेबीबाई हसल्या नव्हत्या.

"चावला नाही, देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "मंग इथी काय करून राहिले तुम्ही?"

प्रफुल्ल वाकून टायरची हवा बघू लागला.

दामिनीला वाटलं, आता खोटं बोललं तर ते आयुष्यभर सांभाळावं लागेल, आणि सांभाळायच्या गोष्टी आधीच फार आहेत. "राखीची भीती घालवायला आणलं होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

"कोणाची?"

"राखीची."

बेबीबाईंनी खाटेवर बसून बॅटरीचं बटण चालू-बंद करणाऱ्या राखीकडे पाहिलं. मग छातीशी दोनशे पानी वही घट्ट धरलेल्या दामिनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असं," त्या म्हणाल्या. "अन् माह्या घरी काय वाघ होते? वाघ तं इकडे आहेत."

तेवीस प्रश्नांत नातलग किती लांब, हा प्रश्न नव्हता. लांब असणं चांगलं की जवळ, हे ठरवता आलं नसतं म्हणून असेल.

टेकचंदच्या बायकोने कोणालाही न विचारता भाताचं मोठं गंज चुलीवर ठेवलं. सीताबाईंनी बांधावरची वांगी तोडली. गंभीर प्रसंगाला आलेल्या माणसांना प्रसंग नसला तरी जेवू घातल्याशिवाय परत पाठवत नसतात. राखी वीस माणसांच्या पानांतून फिरत होती आणि प्रत्येकाला स्वतःचा न चावलेला पाय दाखवत होती.

जेवणं झाल्यावर बेबीबाई उठल्या, ओम्नीशी गेल्या, पडदा सारून आत डोकावल्या. गादी दाबून पाहिली. झालर पाहिली.

"मी इथी झोपतो पोरीजवळ," त्यांनी जाहीर केलं. "अन् हे तुही माय. कधी गाडीत झोपली नाही मी, अन् आता कोण झोपवते मले?"

"पण आत्याबाई, त्यात तिघांचीच जागा..."

"मंग तिघीच होतो ना. तू मामाजीसोबत घरी जा. म्हैस पिळाची आहे, घराले नुसती कडी लावून आलो. सकाळी त्याहीले चहाभाकर देजो." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मंडईचा तुहा मुक्काम राहिलाच आहे माह्याइकडे."

दामिनीने घाईघाईने सांगायला सुरुवात केली. राखीला रात्री पाणी लागतं, डाव्या कुशीवर खोकते, संडासाचं बटण बाहेर आहे, मोजे...

"आई," राखी गाडीतून म्हणाली. ती दोन आज्यांच्या मधे गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती. "तू जा ना."

प्रफुल्ल टेकचंदच्या तंबूत राहिला. वीरेंद्रने तिला आणि तुलारामजींना टेम्पोतून गावात सोडलं. धानाच्या पोत्यांशेजारी वही मांडीवर घेऊन बसलेली दामिनी मागे वळून बघत होती, तोवर वळण आलं. बेबीबाईंचं घर तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. कुंपण होतं. फाटक तुलारामजींनी स्वतः लावलं आणि पुन्हा ओढून पाहिलं. विहिरीला कठडा होता. दवाखाना दहा मिनिटांवर. संडासाला दिवा, बटण आत. तिने सवयीने खुणा केल्या. तेवीसपैकी तेवीस. वहीतल्या एकाही जागेचे इतके भरले नव्हते. मऊ गादीवर, बंद खोलीत, कड्या तीनदा तपासून दामिनी आडवी झाली आणि तिचा डोळा लागला नाही.

सकाळी ती पोचली तेव्हा राखी बांधावर अनवाणी उभी होती. केसांत धानाचं तणस होतं.

"झोप लागली?"

"हो."

"भीती वाटली?"

"वाटली ना. बाहेर काहीतरी ओरडत होतं. मी बेबीआजीला विचारलं काय आहे, तर म्हणाली, असल काहीतरी. मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाली, वाटू दे थोडी." राखीने खांदे उडवले. "मग मी झोपली."

वाटू दे थोडी. दामिनी त्या तीन शब्दांपाशी उभी राहिली. सहा वर्षांत तिने राखीची प्रत्येक भीती निस्तरली होती. वाटू मात्र कधीच दिली नव्हती. तिने वही उघडली, काही लिहावं म्हणून. मग मिटली आणि टेकचंदच्या बायकोला चूल पेटवायला देऊन टाकली. पहिली वीस पानं तरी कामास आली.

परतीच्या वाटेवर हवा एकाच पंपावर तपासली. प्रफुल्लने ते पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

मंगळवारी राखीच्या डायरीत टीचरची चिठ्ठी होती. 'राखी आज झोक्यावर बसली. सर्वांत उंच झोका तिचाच गेला. आईला सांगू नका, अशी तिची विनंती आहे. तरी कळवत आहे.'

दामिनीने चिठ्ठी दोनदा वाचली. डोळे पुसले. प्रफुल्लला दाखवली, देवापुढे ठेवली, मग परत उचलली. आता आपण खरंच सुधारलो, असं तिला आतून वाटलं. तो आनंद एकटीने ठेवून घेणं बरं नव्हतं, म्हणून तिने टीचरना फोन लावला. आभार मानायला. मनापासून मानले. टीचरनाही बरं वाटलं.

"आणि टीचर," फोन ठेवता ठेवता दामिनी म्हणाली, "उगाच आपलं विचारते. तो दोर बांधला कधी होता?"